पाय उचलून चाल

माझ्या नवऱ्याला चिडता येत नाही. नवरदेवाची वरात उशिरा आली, मुहूर्त टळून गेला, वरून मुलाकडचे म्हणाले "गुरुजी, आता जरा थोडक्यात उरका", तरी वैजनाथ हसत हसत अक्षता वाटायला सांगतो. त्यामुळे आमच्या घरातलं चिडण्याचं सगळं खातं माझ्याकडे आहे. मी बुलढाण्यात एका शाळेत सकाळच्या पाळीला गणित शिकवते, तेही आठवी-नववीला, तेव्हा सराव दांडगा आहे. पण या जूनपासून मी जितकी चिडले तितकी उभ्या जन्मात चिडले नव्हते. कारण एकच, आमच्या इराचं उजवं पाऊल.

इरा आमची एकुलती एक. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुरुजींची मुलगी किकबॉक्सिंग करते याचं लोकांना फार नवल. तिला या नादाला लावलं ते गुरुजींनीच. वैजनाथ ज्या मंगल कार्यालयात लग्नं लावतो, त्याच कार्यालयाच्या हॉलमध्ये प्रेमानंद सर क्लास घेतात. लग्नाची तिथी असली की क्लास गच्चीवर, नसली की खाली. बाबांना डबा द्यायला गेलेली इरा दारात उभी राहून बघायला लागली, आणि एक दिवस म्हणाली, मलाही शिकायचंय. हा म्हणाला, "शीक. शरीर कमावणं चांगलंच." मला कुणी विचारलं नाही. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी मात्र भिंतीवरून मलाच विचारलं, "काऊन वं शरयू, पोरीले आता लाथा मारायले शिकवतं का?"

पोरगी निघाली चांगली. विभागीय स्पर्धेत तिनं पदक आणलं, ते वैजनाथनं देवघरातल्या खिळ्याला अडकवलं. गणपतीच्या मागे किकबॉक्सिंगचं पदक. मी म्हटलं, असू दे.

जूनमध्ये लग्नसराई संपली, क्लास हॉलमध्ये परत आला आणि सरांनी नडग्या पक्क्या करायचं मनावर घेतलं. दोघी दोघींनी समोरासमोर उभं राहायचं आणि नडगीवर नडगी आपटायची, म्हणजे म्हणे हाड घट्ट होतं. हे मला नंतर कळलं, नाहीतर मी तिथेच सरांची नडगी पक्की करून आले असते. इराच्या समोर काजल होती. काजल धाडची, शेतकऱ्याची मुलगी, इथे शिकायला म्हणून जीपनं ये-जा करते, आणि इराची जिवाभावाची मैत्रीण. तिची लाथ घसरली आणि नडगीऐवजी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली बसली. रक्त नाही, सूज नाही. सर म्हणाले, "नस दबली, दोन दिवसांत सुटन," आणि नेमक्या त्याच जागेवर पट्टी करकचून आवळून दिली. शिष्या आज्ञाधारक. तिनं ती झोपतानाही सोडली नाही.

त्यानंतर इरा पाय घासत चालायला लागली. आता पाय घासत चालणं आमच्या घरात कुणालाच खपत नाही. मी म्हणायची, पाय उचलून चाल. वैजनाथ म्हणायचा, बेटा, पाय उचलून चालावं. अन्नपूर्णाबाई पलीकडून म्हणायच्या, "चप्पल काऊन फरफटते वं पोरी, लक्षण नाई हे." मग इरा गुडघा उंच उचलून पाऊल टाकायला लागली, पायरी चढल्यासारखी, सपाट फरशीवर. मला वाटलं, मुद्दाम चिडवतेय.

मग एक दिवस आम्ही दोघी चिखली रोडला भाजी घ्यायला गेलो. मागून एक माणूस ओरडत आला, "ओ ताई, चप्पल राह्यली तुमची." मी मागे बघितलं. चप्पल बरीच मागे रस्त्यात पडली होती आणि इरा एका पायानं अनवाणी चालत इथपर्यंत आली होती, ऊन तापलेलं असताना. तिनं खाली पायाकडे बघितलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"आई, मले कळलंच नाई," ती म्हणाली.

मला भीती वाटली की राग येतो, हा माझा स्वभाव आहे. त्या भाजीवाल्यांच्या देखत मी तिला इतकं बोलले की तो चप्पल आणून देणारा माणूसच मला म्हणाला, जाऊ द्या ताई, सापडली ना.

बुलढाण्याच्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड ठणठणीत आहे म्हणाले, आणि संभाजीनगरला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या तरुण होत्या, माझ्यासारख्याच तोंडाच्या फटकळ. त्यांनी इराच्या पायाला बारीक शॉक देऊन तपासणी केली. मग पेन घेऊन गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, गोल काढला.

"हे टोक हाताला लागतंय ना? पाऊल वर उचलणारी नस या हाडाला वळसा घालून पुढे जाते. तिच्यावर फक्त कातडी आहे. इथे मार बसला, आणि वरून तुमच्या सरांनी पट्टी आवळली. नस तुटलेली नाही, चेंगरलीय. बहुतेक परत येईल. पण तिला आता जरासुद्धा दाबायचं नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, गुडघ्याखाली काही बांधायचं नाही. बसायचं ते खुर्चीवर."

"आणि बरं व्हायला लागलं हे कळणार कसं?" वैजनाथनं विचारलं.

"कधी आधी अंगठा हलायला लागतो, कधी आधी कातडीला कळायला लागतं. आत्ता पावलावरून पीस फिरवलं तरी हिला पत्ता नाही. दिवाळीपर्यंत वाट बघू. तोपर्यंत काहीच सुधारणा नसेल तर नस उघडून बघावी लागेल. आणि तेव्हाही मी खात्री देणार नाही."

इरानं एकच विचारलं, परत खेळता येईल का. बाई म्हणाल्या, आधी चालता येऊ दे.

येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. धाडच्या स्टँडवर गाडी थांबली तर काजल खिडकीखाली उभी. तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. तिनं वर बघितलं आणि रडायलाच लागली.

"रडू नको बे," इरा वरून म्हणाली, "तुह्या पायाले काय झालं?" आणि मग दोघी हसल्या, आणि गाडी सुटल्यावर इरा घाट येईपर्यंत रडली. मी तिची पाठ थोपटत होते आणि मनातल्या मनात प्रेमानंद सरांना उलटं टांगत होते.

घरी आल्यावर मी खुर्च्यांचं राज्य आणलं. जेवायला खुर्ची, अभ्यासाला खुर्ची, शेंगा निवडायला खुर्ची. पाऊल वर धरून ठेवणारी एक प्लास्टिकची पट्टी दिली होती, ती बुटात घालायची असते. आता बूट घालून घरात वावरायचं म्हणजे आमच्याकडे केवढा प्रश्न. पण वैजनाथच म्हणाला, "नवा जोड आण, घरातच वापर, फक्त देवघरात काढून ठेव." मला वाटलं, चला, हा तरी शहाणा आहे.

बाकीच्यांचं काय सांगावं. आमच्याकडे नस या शब्दाला अंत नाही. मान दुखली, नस. झोप येत नाही, नस. परीक्षेत नापास झाला, डोक्याची नस. पाय बघायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणि एक नस घेऊन यायचा. एका मामांना कुणी नस खेचून बसवणारा माहीत होता, तो म्हणे अंगठा धरून एकच झटका देतो. वैजनाथचे एक यजमान गरम विटेचा शेक सुचवून गेले, ज्या पायाला गरम-गार कळत नाही त्या पायाला. अन्नपूर्णाबाई काळा दोरा घेऊन आल्या, गुडघ्याखाली बांधायला. मी दारातच म्हटलं, "अन्नपूर्णाबाई, तो माह्या मनगटाले बांधा. मले गरज आहे." त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. तेवढीच शांतता.

प्रेमानंद सरही आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "मॅडम, आमच्या उस्तादानंबी आमच्या नडग्या अशाच पक्क्या केल्या होत्या. मले काय मालूम तिथून नस जाते म्हणून."

"मालूम नाही तर कायले आपटायले लावता?" मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेल्या माणसांनीच मला या वर्षी जास्त छळलं.

श्रावणात अंगठा हलला. अगदी जरासा, पण हलला. इरा खुर्चीवर बसली होती आणि आम्ही दोघं फरशीवर तिच्या पायाशी. ती म्हणाली, बघा, आणि अंगठ्याचं टोक वर गेलं, थरथरलं, खाली आलं. वैजनाथनं डोळे पुसले. मी पेढे आणले आणि अन्नपूर्णाबाईंनाही दिले.

गणपती गेले आणि अंगठा पुन्हा गप्प झाला. पहिल्यांदा वाटलं थकला असेल. मग पाऊल आणखी लोंबायला लागलं. बूट काढला की पायाची बोटं फरशीवर आपटायची, फट्, फट्. तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि हातातली पोळी करपायची.

पुन्हा संभाजीनगर. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नस परत कुठेतरी दाबली जातेय. हिची प्रॅक्टिस चालू आहे का?"

"नाही," इरा म्हणाली.

"खरं सांग."

"खरंच नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन फटकळ बायकांना एकमेकींचं कळतं. दोघींनाही ते खरं वाटलं नाही. "दिवाळी जवळ आलीय," त्या एवढंच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी तिला सोडलं नाही. मी शाळेत असताना तू हॉलवर जातेस. नाही जात. काजल घरी येते तेव्हा गच्चीवर काय करता. बोलत बसतो. मग पाय खराब कसा होतो, हवेनं? इरानं कानात इअरफोन घातले, त्यातून काही वाजत नव्हतं हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तशीच हॉलवर गेले. क्लास चालू होता. चपला काढून मॅटवर गेले आणि साऱ्या पोरींच्या देखत सरांना विचारलं, "इरा कधी येते इथं?"

"मॅडम, इरानं जूनपासून मॅटवर पाय नाई ठेवला. देवाशपथ. मी तिले येऊ देईन का आता? नडगी-नडगीचा प्रकारच बंद करून टाकला मी."

"काकू," काजल पुढे आली, "ती येते म्हणाली असती तर मीच तिले हाकललं असतं. तुमाले काय वाटते, मले झोप लागते का?"

त्या पोरीचे डोळे खरं बोलत होते. मग मला काही सुचेना. चिडायला कुणीच उरलं नाही की माझं फार वाईट होतं. मी घरी आले आणि कपाट आवरायला काढलं.

तीन-चार दिवसांनी शाळेत निघाले आणि कोपऱ्यावर लक्षात आलं, चष्मा राहिला. चष्म्याशिवाय मला फळ्यावरचं माझंच अक्षर दिसत नाही. परत फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं. देवघरातून वैजनाथच्या जपाचा आवाज येत होता. जप चालू आहे हे मला माहीत होतं. इराच्या पायासाठी त्यानं सव्वा लाख जपाचा संकल्प सोडला होता, आणि आमच्या घरात कुणाच्या तरी नावानं जप कायम चालूच असतो. त्याकडे मी कधी लक्ष देत नाही. मी असते शाळेत, आणि रविवारी पहाटे हे सगळं उरकतं तेव्हा झोपेत.

चष्मा टीव्हीवर होता. तो घेताना देवघराच्या दाराशी इराचे बूट दिसले, आत ती पट्टी. मी आत डोकावले.

वैजनाथ त्याच्या पाटावर बसला होता. शेजारच्या पाटावर इरा, ओले केस, हातात माळ, डोळे मिटलेले. आणि मांडी घातलेली. ताठ, व्यवस्थित, लहानपणापासून बापानं शिकवली तशी मांडी.

चष्मा हातातच धरून मी आत शिरले. मग माझा आवाज फुटला. "हे कधीपासून चालू आहे?"

दोघांनी डोळे उघडले. वैजनाथनं हातानं थांब अशी खूण केली, मणी संपवला आणि म्हणाला, "काय झालं? तुही शाळा?"

"कधीपासून बसते ही इथं?"

"संभाजीनगरहून पहिल्यांदा आलो तेव्हापासून. रोज सकाळी. तिच्या नावाचा संकल्प आहे, तिनं शेजारी बसायला नको का?" आणि मग स्वतःहून, अगदी निरागसपणे, पुढे म्हणाला, "गणपतीनंतर पाय मागं पडला म्हणून मी वेळ वाढवला. आता चांगला दीड तास बसतो आम्ही."

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मांडी घालायची नाही. तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही मान हलवली."

"हो. म्हणून तर जेवायले खुर्ची आणली, अभ्यासाले आणली. मी स्वतः तिले टीव्हीपुढं खाली बसू देत नाही." तो खरोखर गोंधळला होता. "पण शरयू, देवापुढं बसणं म्हणजे काही बसणं असते का?"

मी इराकडे वळले. "आणि तू? सायन्सची ना तू?"

"मले बी नाई सुचलं आई," ती म्हणाली. "पायाले मुंग्या येत होत्या. पण पूजेत त्या सगळ्याइलेच येतात."

मी वाकले. वैजनाथचा हात धरला आणि इराच्या गुडघ्याखाली, पाय आणि पाट यांच्या मधे, जिथे डॉक्टरीणबाईंनी पेनानं गोल काढला होता तिथे नेऊन ठेवला. इराच्या तंगड्या लांब, पाट लहानपणचा. हाडाचं ते टोक बरोबर पाटाच्या कडेवर टेकलं होतं. पोरीच्या पायाचं सगळं वजन त्या कडेवर.

"लागतंय हाताला?" मी म्हटलं. "इथून नस जाते. रोज दीड तास. तुम्ही देवाला म्हणताय नस सोड, आणि हिच्या नसेवर पाट ठेवताय."

त्यानं हात काढला नाही. बोटं तिथेच ठेवून बसला. मग म्हणाला, "म्हणजे श्रावणात हलला होता अंगठा तो..."

"तो तसाच हलत राहिला असता."

हे मी बोलले. मागे घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही, कारण ते खरं होतं आणि मला फार राग आला होता. वैजनाथनं इराचा पाय दोन्ही हातांनी उचलून हळू सरळ केला. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. ज्याला चिडता येत नाही त्याला स्वतःवर चिडताना बघणं वाईट असतं.

"आता पुढचा जप तुम्ही एकटे करा," मी म्हटलं.

"मी बसणार," इरा म्हणाली.

"काय?"

"थोडाच राह्यला. बेल वाजल्याशिवाय रिंगातून कोणी उतरते का?"

"मग खुर्चीवर बस इथे."

"देवापुढं खुर्ची नाही," वैजनाथ म्हणाला. आवाज अगदी बारीक होता, पण म्हणाला. "देव खाली चौरंगावर आणि आपण त्यांच्या वर? माझ्यानं मंत्र म्हणवणार नाही शरयू. तू काहीही म्हण."

बाप आणि लेक. एकाला खुर्ची चालत नाही, एकीला उठायचं नाही. मी चष्मा घातला, दोघांना नीट बघून घेतलं आणि शाळेत गेले. त्या दिवशी आठवीच्या वर्गाला जे भोगावं लागलं त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागायला हवी.

दुपारी घरी आले तर बाहेरूनच घरघर ऐकू आली. दारात प्रेमानंद सरांची मोटारसायकल. आत सगळीकडे विटकरी धूळ. माझ्या जेवणाच्या टेबलावर ताम्हणात आमचे सगळे देव बसवलेले, वर वैजनाथचं उपरणं पांघरलेलं, धूळ लागू नये म्हणून. देवघरात सर ड्रिल घेऊन देवांच्या नव्या फळीसाठी भिंतीला भोकं पाडत होते. काजल झाडू घेऊन उभी. इरा खुर्चीवर बसलेली, दोन्ही पाय सरळ खाली. आणि वैजनाथ तिच्या डोक्यावरून भिंतीपर्यंत सुतळी धरून.

"अजून वर," तो सरांना म्हणाला. "तिच्या डोक्याच्या वर पाहिजे गणपतीचे पाय."

"गुरुजी, एवढ्या वर तुमचाच हात पुरणार नाई."

"पुरवीन मी."

"मॅडम, क्लासची पंचिंग बॅग टांगतो तसं पक्कं ठोकून देतो," सर मला बघून घाईनं म्हणाले. "हालणार नाई."

मी रंग गेला भिंतीचा म्हणून बडबडले. टेबलावर धूळ, सुतळी माझ्या डब्यातली, विचारायचं कुणी नाही. बडबडता बडबडता लक्षात आलं. "अहो, आणि तुम्ही कसे बसणार? तुम्हाला दिसणारसुद्धा नाहीत देव."

"मी उभा राहीन," वैजनाथ म्हणाला.

वैजनाथनं जन्मात उभ्यानं पूजा केलेली नाही. त्याचे वडील बसून करायचे, आजोबा बसून करायचे. दिवसभर यजमानांकडे उठबस करून त्याचे पाय संध्याकाळी सुजतात. मी म्हटलं, "दीड तास?"

"हो," तो म्हणाला आणि सरांना म्हणाला, "थोडं डावीकडं."

मला आणखी चिडायचं होतं, पण मी काजलच्या हातातला झाडू घेतला आणि विटेची धूळ लोटायला लागले.

त्या दिवसापासून मी जप माझ्या शाळेच्या आधी करायला लावला आणि रोज पहाटे उठायला लागले. जपावर माझा विश्वास आहे की नाही ते मला माहीत नाही. त्या दोघांवर मात्र मुळीच नव्हता. चहाचा कप घेऊन मी देवघराच्या दारात उभी राहायची आणि पहारा करायची. फळी खरोखरच उंच झाली होती. वैजनाथ बुटका, टाचा उचलून उभा राहायचा. अभिषेकाचं पाणी ताम्हणातून निथळून त्याच्या कोपरावरून खाली गळायचं. फरशी रोज ओली, आणि ती पुसायची मी. मी त्याला सांगितलं फळी खाली घ्या. सरांनीही सांगितलं. तो म्हणायचा, असू दे, तिच्या डोक्याच्या वरच बरी.

अंगठा हलत नव्हता. रोज जप झाल्यावर इरा पायाकडे बघून जोर लावायची, तिच्या मानेच्या शिरा ताणायच्या, पाऊल लोंबलेलंच. मग ती बूट चढवायची.  दिवाळीचा फराळ दुकानांत दिसायला लागला होता आणि संभाजीनगरची तारीख ठरली होती.

तो रविवार होता. संकल्प संपायला थोडाच अवकाश होता. इरा खुर्चीवर, डोळे मिटलेले, माळ फिरत होती, अनवाणी पाय फरशीवर. वैजनाथ टाचा उचलून अभिषेक करत होता, मला दारातून दिसत होतं. पाणी कोपरावरून गळत होतं, नेहमीसारखं, पण आज तो जरा उजवीकडे सरकून उभा होता.

"बाबा," इरा म्हणाली. डोळे मिटलेलेच. मंत्र चालू होता, तो थांबला नाही.

"बाबा, पाणी सांडून राह्यलं तुमचं."

मी तोंड उघडलं. फळी उंच झालीय हे मी पन्नासदा सांगितलं होतं, ते एक्कावन्नाव्यांदा सांगायला.

"पायावर सांडून राह्यलं," इरा वैतागून म्हणाली. "गार आहे."

वैजनाथनं खाली बघितलं, "अरे अरे" म्हणाला आणि खांद्यावरचं उपरणं घेऊन पुसायला वाकला. माझं तोंड उघडंच राहिलं होतं. तिनं डोळे उघडले नव्हते.

"कोणत्या पायावर, इरा?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले आणि खाली बघितलं. उजव्या पावलाच्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब होते, एक ओघळून बोटांकडे निघाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. वैजनाथचं उपरणं अर्ध्यात थांबलं.

"पुसू नका बाबा," ती म्हणाली. "अजून टाका."

वैजनाथनं पळी भरली. घाईत त्यातलं निम्मं पाणी फरशीवरच सांडलं, आणि मी काही बोलले नाही.